शेंदराच्या वरचा थर

साउथ शील्ड्समध्ये चौतीस वर्षं
मी लोकांचे दात केले.
तोंडं डॉक्टर बघायचा,
माझ्याकडे साचा यायचा आणि चिठ्ठी:
छटा ए-तीन, कडेला किंचित पिवळट.
पांढऱ्याचे सोळा प्रकार
मी दिव्याशिवाय ओळखतो.

आता निवृत्त. आता एकच बोट,
'एल्सडन ग्रेंज', मालवाहू, बांधणी एकोणीसशे अकरा,
जेवणाच्या टेबलावर, शहाण्णवास एक या मापात.
डेक झाला, डेरिक झाले, दोऱ्या ओवून झाल्या.
धुराडं राहिलंय.

कंपनीच्या वहीत एकच शब्द आहे: बफ.
बदामी म्हणावं तर कोरडं वाटतं,
श्रीखंडी म्हणजे फारच लाडाचं.
सुलभा म्हणाली, सातूच्या पिठाचा असेल.
कोरड्या की कालवलेल्या?
ते आता तुम्हीच ठरवा, म्हणाली,
आणि टेबल मोकळं कधी होणार तेही.

फोटो तीन मिळाले. तिन्ही खोटं बोलतात.
त्या काळच्या काचेला तांबडं दिसतच नसे,
तांबडं काळं उमटे, निळं पांढरंफटक.
माझी मालूआत्या लग्नाच्या फोटोत
काळा शालू नेसून उभी आहे;
लहानपणी वाटायचं, घरच्यांनी कसं चालवून घेतलं?

मग व्हिटबर्नला, मिसेस थर्लवेल यांच्या बागेत,
त्याच बोटीचा हवेचा भोंगा निघाला.
बोट मोडली तेव्हा सासऱ्यांनी हातगाडीवरून आणलेला.
आत जिरेनियम.
बाहेरून धुराड्याच्याच डब्यातला रंग, असं वही सांगते.
मी दाताची खरवणी काढून गुडघ्यांवर बसलो.
बाई खिडकीतून बघत होत्या,
भोंग्याला कीड लागली असावी तशा.

बागेचा हिरवा, तीनदा.
पांढरा.
बफ.
युद्धाचा करडा, जाड, घाईचा.
त्याखाली पुन्हा बफ; वरच्याचा सख्खा नाही, फार तर चुलत.
त्याखाली शेंदूर.
शेंदूरच तो. इथे रेड लेड म्हणतात, गंजाला लावतात.
आमच्याकडे देवावरची शेंदराची खोळ गळते
आणि आतून मूर्ती निघते.
इथे सगळं खरवडत आत गेलो तर शेंदूर,
आणि मग नुसता पत्रा.

नखाएवढी खपली आणून खिडकीत ठेवली.
शनिवारी होती त्याहून बुधवारी फिकट.
जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, उन्हात निवळतं.
म्हणजे पुराव्याचाही रंग उडत होता,
बशीत, माझ्या डोळ्यांदेखत.

विल्फ ऑर्ड ब्याण्णव वर्षांचे. सोळाव्या वर्षी
त्याच धुराड्यावर फळी टांगून बसलेले.
आता ओशन रोडमागच्या वृद्धाश्रमात, खोली नऊ.
"कुठल्या दिवसाची बोट करतोयस?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, दिवसाची?
"मेट बादलीत ढवळायचा. पांढरा, पिवळी माती,
आणि उंबर हाताला येईल तेवढा.
कार्डिफला एक व्हायचा, रोझारिओला भलताच.
टाइनमध्ये शिरेपर्यंत मागची बाजू काळी.
आमच्या आईने गेटातून बोट ओळखली
ती रंगावरून नाही, भोंग्यावरून."

घरी येऊन सात पट्ट्या रंगवल्या.
त्यात छोट्या मापाला रंग जसाच्या तसा चालत नाही,
पांढऱ्याचा थेंब घालावा लागतो;
तो थेंब म्हणजे धक्क्यापासून बोटीपर्यंतची हवा.
किती हवा, हे कुठल्याही वहीत नाही.

पट्ट्या घेऊन पुन्हा खोली नऊ.
विल्फनी चष्मा कपाळावर ढकलला.
"वाईट नाही," म्हणाले. "चूक आहे, पण वाईट नाही."
किती चूक?
त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं, चौथ्या पट्टीजवळ धरलं,
मान हलवली, चहात बुडवून
पुन्हा धरलं: "हा. ओला भाग."
मी खिशातून भिंग काढेपर्यंत
त्यांनी तो खाऊन टाकला.