चौऱ्याण्णव

उद्यमनगरात दुपारी लोखंडालाही झोप येते.
मागच्या गल्लीत भट्टी तेवढी घरघरत असते,
आणि शेडमध्ये दस्तगीर शिकलगार
माझ्या पॅलिओच्या पोटात खांद्यापर्यंत शिरलेला.

दोन हजार दोनची. पिवळी. सोळाशे सीसी.
एकेकाळी हिच्यामागं पोरं रंकाळ्याला फेऱ्या मारायची.
आता तीच पोरं हप्त्याच्या गाड्यांतनं
काच खाली करून विचारतात,
अजून विकली न्हाईस व्हय?

जुनं इंजिन काल उतरवलं.
साखळीला लटकून ते जरासं फिरलं,
कुणीकडं तोंड करावं ते न कळल्यासारखं,
मग कोपऱ्यातल्या टायरवर बसलं.
वीस वर्षं विचारल्याबरोबर उत्तर द्यायचं ते.
थाप नाही, उशीर नाही.
जोर संपला होता, एवढाच गुन्हा.

नवं शिरोलीच्या भंगारातनं आणलं.
लिनियाचं. चौदाशे, पण टर्बोवालं.
गाडी उसात उलटलेली, छप्पर सीटला टेकलेलं,
आणि इंजिनावर ओरखडा नाही.
उलटताक्षणी एका बारक्या स्विचनं पेट्रोल तोडलं,
म्हणून वाचलं.
इंजिन वाचलं, असं भंगारवाला म्हणाला.
पुढचं मी विचारलं नाही,
भाव ठरवत होतो.

अकरा मिलिमीटर कमी पडत होते.
भूपाल मगदूमनं ब्रॅकेट करून दिलं,
कॅलिपर न लावता, अंगठ्यानं बघून.
म्हणाला, बसतंय.
बसलं नाही.
मग त्यानं ब्रॅकेटला, मला आणि फियाटला
एकाच दमात शिवी घातली,
कॅलिपर काढला,
आणि बसलं.

इंटरकूलरसाठी बंपरची आतली बाजू कापली.
वायरिंगचा गुंता दस्तगीरनं
चार रात्री मांडीवर घेऊन सोडवला,
तोंडात टेस्टर धरून, बायकोचा फोन न उचलता.

पाचव्या रात्री किल्ली फिरवली.
काहीच नाही.
डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत राहिला.
"वळकंना," दस्तगीर म्हणाला.
"डोस्कं जुनंच हाय ह्याचं. आपली गाडी मागतंय."

त्यानं स्कॅनर लावला.
पडद्यावर शेवटची नोंद आली:
पेट्रोल बंद.
वेग चौऱ्याण्णव.
फेरे दोन हजार चारशे.
पेडल, शून्य टक्के.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
"पाय काढला हुता बघा," दस्तगीर म्हणाला.
काढला होता.
काहीतरी दिसलं असणार पुढं,
बैल, ट्रॉली, शाळेचं पोर,
किंवा नुसतंच वळण.

खाली प्रश्न होता: पुसायचं?
हो. नाही.

दस्तगीर उठला. रॉकेलनं हात धुतले,
मग साबणानं, मग पुन्हा साबणानं.
शटरच्या आतल्या बाजूला, जिथं तो
ऑईलचे भाव आणि उधाऱ्या लिहितो,
तिथं खडूनं लिहिलं: ९४.
पुढं नाव नाही, बाकी नाही.
मग येऊन बटण दाबलं.
किल्लीची ओळख करून द्यायला
आणखी दीड तास गेला.

ते सुरू झालं तेव्हा आवाज खालच्या पट्टीत होता,
परक्या घरी पहिल्यांदा बोलावं तसा.

पहाटे राधानगरी रोडला काढली.
दोन हजारांखाली गाडी गप्प.
मग कुठूनशी एक शीळ,
आणि पाठीवर कुणीतरी दोन्ही तळवे ठेवून ढकलावं तशी
सुटली.
मी ओरडलो. खोटं कशाला सांगू,
इतक्या वर्षांत एवढं हसलो नव्हतो.

दोन्ही बाजूंना ऊस.
काटा नव्वदीवर आला
तसा दस्तगीर खिडकीबाहेर बघायला लागला.
एक्क्याण्णव. त्र्याण्णव.
माझा पाय पेडलवर होता,
मला त्याचं वजन कळत होतं.
काटा पुढं गेला.

भोगावतीच्या पुलावर तो म्हणाला,
"डावीकडं कायतरी वाजतंय.
बोल्ट ढिला असंल.
फिरवा, शेडवर जाऊन बघू."