मापवही

दोंडाईच्याला स्टेशन रोडवर, मिरचीच्या वखारीला लागून
आमचं दुकान. हंगामात खकाणा इतका
की गिऱ्हाईक माप देता देताच शिंकतं
आणि टेप सरकते.
वडील म्हणायचे, शिंक सरू दे, मग आकडा लिही.

त्यांच्या लाल वहीत, पान बावीस:
गिरासे भावसिंग. जिनिंगच्या काटेदाराचा मुलगा.
वय सतरा, छाती एकतीस, फुगवून तेहतीस.
खडकवासल्याच्या मुलाखतीसाठी कोट. उधार.
खाली बारीक अक्षरात:
आत दोन बोटं माया ठेवली. पोर वाढेल.

वाढलं.
चौतीस. छत्तीस. 'मिशी आली'
(हे मापात येत नाही, तरी लिहिलंय).
मग बहात्तरचा मार्च,
छाती अडतीस, डावा खांदा अर्धा इंच खाली.
त्याच आठवड्यात पेपरात फोटो होता,
वीरचक्र, आणि मजकुरात 'किरकोळ जखमी'.
वडिलांनी त्या खांद्यात कापसाची एक गादी जास्त भरली
आणि गावात कुणाला बोलले नाहीत.
शिंप्याला डॉक्टरपेक्षा जास्त गप्प राहावं लागतं.

पुढची मापं टपालानं आली.
तेजपूर. लेह. पुन्हा तेजपूर.
फौजेत काय शिंपी नव्हते?
एक्केचाळीस, बेचाळीस.
सहीखालचा हुद्दा दरवेळी नवा,
ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल,
आकडे मात्र काटेदाराच्या पोराचे,
सात कधी एकसारखा वाटणार नाही असे ठसठशीत.

वडील गेले. वही माझ्याकडे आली,
आणि काही वर्षांनी साहेबही गावी आले.
सव्वीस जानेवारीच्या आधी, चालत,
खांद्यावर कोट टाकून, जसा कुणी टॉवेल टाकतं.
"सुपडू, कोट ढिला व्हई गया रे."
मी म्हणायचो, जुनं कापड, साहेब, सैल पडतं.
ते हसायचे. दोघांनाही माप माहीत होतं.

अकरा पदकं. सगळी डावीकडे.
त्या वजनानं कोट झुकू नये
म्हणून मी तिकडे बकरम दुहेरी लावतो.
यंदा म्हणाले, "मझार एक खिसा लाव. पदकांच्या मागे."
केवढा?
पाकिटातून काढलं एक निळं आंतर्देशीय,
घड्यांवर झिजून जाळी झालेलं. "इतला."
अक्षर गोल गोल, दक्षिणेकडचं. मला लागलं नाही.
त्यांनाही लागत नव्हतं.
पलटणीची भाषा बोलता यायची, वाचता नाही.
एका शिपायाच्या आईचं पत्र. बहात्तर सालचं.
वाचून दाखवणारे कंपनीत शंभर होते, म्हणाले,
कुणाच्या हाती दिलं नाही.
ती काय म्हणाली असेल,
दोन्ही बाजूंनी विचार करून झालाय.

मग हात वर केले, मी टेप फिरवली.
डोळे पुसले त्यांनी. "मिरची."
मी थांबलो. वखारीत पोती उतरत होती.
सरू दिलं.

वहीत लिहिलं:
छाती पस्तीस. आतून खिसा, साडेतीन बाय पाच.
मजुरी ऐंशी, मिळाली.
कोट दोन्ही बगलांत आत घेतला.
माया कापली नाही.