हेही पाहा

खण सत्तावीस, ‘पा’ ते ‘पु’.
संगणकात भरायला कार्डं उपसली
तर पाठारेबाईंचं ठसठशीत अक्षर:
पागडी (डोक्यावरची) – ३९१.
पागडी (खोलीची) – ३४६.
हेही पाहा: भाडेकरू; घरमालक;
जिना कुणी दुरुस्त करायचा.

हा शेवटचा विषय कुठल्याच यादीत नाही.
कुणीतरी तसाच विचारला असणार,
ठाकूरद्वारच्या या काउंटरला कोपर टेकून.

बाई म्हणायच्या म्हणे,
माणूस ‘मत्स्यव्यवसाय’ मागायला येत नाही,
बोंबील मागतो.
म्हणून बोंबलालाही एक कार्ड: पाहा ६३९.
आणि ‘मुलगी ऐकत नाही’ याला तीन.

नव्या प्रणालीत रकाने चौदा.
शीर्षक, कर्ता, आवृत्ती, पृष्ठे.
मी भरतो. भराभर भरतो.

पागडीच्या कार्डामागे मात्र शिसपेन्सिल:
‘चिंचपोकळीचे गृहस्थ. हातात नोटीस.
पुस्तक बाहेर गेलेलं.
पत्ता घ्यायला हवा होता.’
खाली तारीख.

हे कुठल्या रकान्यात?
कर्सर लुकलुकत राहतो.

उठून ३४६ पर्यंत गेलो.
पुस्तक जागेवर आहे, कड्यांना वाळवी.
आतल्या चिठ्ठीवर परत आल्याचा शिक्का,
दुसऱ्याच दिवसाचा.