ठराव क्रमांक चार

अमळनेरच्या क्लबात पंख्याला एकच गती माहीत.
आम्ही पाच जण ठरवतोय:
डायलिसिसचं दुसरं यंत्र यावं म्हणून
गावातल्या मोठ्यांना व्हिस्की चाखवायची,
वर एकेक चिरूट.

डॉक्टर भदाणेबाईंनी मिनिटभर खिडकीबाहेर पाहिलं.
मग म्हणाल्या, तिकीट तीन हजार ठेवा.

परवाना एका रात्रीचा. राखदाण्या भाड्याने.
चिरूट कापायची कात्री कुणी पाहिलेली नाही;
बडगुजर म्हणतो, अडकित्ता आहे घरी.

नमुन्याची बाटली उघडली.
खोक्यावरचं मी मोठ्याने वाचलं:
धूर, ओली माती, समुद्र.
समुद्र कुणालाच लागला नाही.

कपबशा उचलायला आलेला हिलाल
वाकला, हुंगला, म्हणाला,
‘हाई ते भरीतना वास शे.’

आणि खरंच की.
कपाशीच्या काड्यांवर उलटंपालटं होणारं वांगं,
सालीखाली फसफसणारं,
पौषातल्या शेतात, भावाच्या हातचं.
भाऊ आता सोमवार-गुरुवार धुळ्याला,
यंत्राला.

मी सचिव. इतिवृत्तात एवढंच लिहिलं:
सोबत भरीत ठेवावे.
काड्या कोण आणणार,
ते पुढच्या बैठकीत.