ठिगळ

ओविदियो म्हणाला होता, पहिलीच गाडी, तर साधी बघ.
मी आणली हिलमन, अठ्ठेचाळीस सालची,
फ्राय बेंतोसबाहेरच्या एका शेतावरून.
कोंबड्या बसायच्या तिच्यात.
मागच्या सीटखाली दोन अंडी मिळाली. एक ताजं.

रात्रपाळी संपली की हॉस्पिटलातून थेट गॅरेजात.
येर्बा मातेचा थर्मास बॉनेटवर,
आणि मी नटांशी झटत.
गंजलेला नट तिसऱ्या वॉर्डातल्या हट्टी म्हाताऱ्यासारखा:
जोर केला की मोडतो,
तेल पाजून निजू दिलं, तर सकाळी आपणहून फिरतो.

सात बरण्या बोल्ट. प्रत्येकीवर चिठ्ठी.
एका रात्री नदीवरून वारा आला,
चिकटपट्ट्या सुटल्या, चिठ्ठ्या गेल्या.
रडले. खोटं कशाला बोलू.

ऑगस्टच्या थंडीत तळ खरवडायला घेतला.
ड्रायव्हरच्या टाचेखाली निघाला
सार्डिनचा डबा,
उलगडून, ठोकून सपाट केलेला.
चार रिव्हेट, चारही वाकडे.
त्याच्यावरचा मासा अजून ओळखू येतो.

कोण होतं कुणास ठाऊक,
जेवण उरकून गाडीखाली शिरलेलं,
बहुतेक पहिल्यांदाच.

ओविदियो म्हणाला, फेक ते, लाज आहे.
बरोबर आहे त्याचं.
मी गंज कापला, नवा पत्रा जोडला
(माझाही सांधा तिरकाच आला)
आणि डबा पुन्हा त्याच्यावर, होता तिथेच.
चार रिव्हेट. एक मात्र सरळ बसला.

इंजिन अजून नुसतंच खोकतंय.
पण टाच टेकायला जागा झाली.