एकांत, पाण्याला लागून

पुएर्तो मोंतपासून पन्नास मिनिटं,
त्यातली शेवटची वीस खडीच्या रस्त्यावर.
जाहिरातीत मी पंचेचाळीस लिहितो.
आमच्या ऑफिसात सगळेच पाच मिनिटं खातात.

दोन हेक्टर, पाण्याला लागून, एकांत.
एवढं लिहून झालं होतं;
मग फोटोंसाठी जाऊन आलो.

सुनिल्दा बार्रिया कुंपणाशी उभी होती,
पायात नवऱ्याचे रबरी बूट, हातात शिंपल्यांची बादली.
विचारलं, जमीन कुठवर?
"कधीची विचारतोस?
आत्ता सुकती आहे, तर त्या काळ्या खडकापर्यंत.
संध्याकाळी ये, तुझ्या गाडीच्या चाकापर्यंत."
मोजणीदारानं भरतीच्या रेषेवर खुंटी ठोकलेली,
त्यापुढचं सरकारचं.
खुंटीला तिनं मेंढी बांधली होती.

पुळणीवर दगडांचं अर्धवर्तुळ, कमरेएवढं.
भरतीबरोबर मासे आत येत, सुकतीला अडकत.
कुणी रचलं?
"कोण जाणे. ढासळलेला दगड आम्ही परत ठेवायचो,
एवढंच."
मी फोटो काढला.
ऑफिसात कुणीतरी खाली लिहिलं: नैसर्गिक तलाव.

मग एकांताचं विचारलं.
गिऱ्हाईक सान्तियागोचं असतं,
शेजार किती लांब, हे त्याला आधी लागतं.
ती बोटानं दाखवत गेली,
घरं नसलेल्या जागा.
तिथे आर्तेमियो, सॅल्मनच्या पिंजऱ्यांवर पाणबुड्या,
एकदा घाईनं वर आला,
तेव्हापासून खुर्चीत, मुलीकडे, शहरात.
तिथे शाळा. अकरा मुलं, मग तीन,
मग बाई आणि बाईंचं मांजर.
तिथे ओयार्सून बहिणी, जन्मभर अबोला,
एक गेली आणि त्याच हिवाळ्यात दुसरी.
तिचा स्वतःचा धाकटा उत्तरेला, तांब्याच्या खाणीत.
तिकडे पाऊसच नाही म्हणतो, आणि हसतो.
"असा झाला बघ एकांत," ती म्हणाली,
"चाळीस वर्षं लागली."
मी वहीत लिहिलं:
शेजार दीड किलोमीटर.

"घर विकायचं नाही."
जमिनीबरोबर घर जातंच, सेन्योरा.
"कुठे जातं?
आम्ही नेलं तर जातं."

मार्चमध्ये नोटरीकडे सही झाली.
तिनं पेन परत दिलं नाही, कुणी मागितलंही नाही.
पुढच्या शनिवारी आठ बैल आले, ओंडके आले,
समोरच्या बेटावरून चाळीसेक माणसं,
एक अकॉर्डियनवाला, दारू आधीच चढलेला.
गचके खात, कण्हत
घर उतारावरून पाण्याशी आलं
आणि भरतीची वाट बघत बसलं,
पोटाखाली रिकामी पिंपं बांधून.
मग दोन बोटींनी ओढलं.
एक पडदा काढायचा राहिला होता,
तो खिडकीतून बाहेर फडफडत गेला.
सुनिल्दा मागच्या होडीत.
मागे वळून बघेल म्हणून मी कॅमेरा धरून उभा,
तिची नजर छपरावर:
एक पत्रा सैल झाला होता.
मेंढी तिच्या पायाशी.

ऑगस्टमध्ये गिऱ्हाईकाचा फोन.
जागा छान आहे, म्हणाला, अगदी शांत.
फक्त त्या तलावाचे दगड निसटतायत,
पाणी थांबत नाही.
हे कोण बघतं इथे?