करंट गेल्यावर

आमच्या वडगावात माग थांबला
की आधी करिया उठायचा, शांतता त्याच्यामागून.
खटक-खटक चालू असेपर्यंत गाढ,
तुटक्या सुताच्या गुंतवळीवर हनुवटी टेकून,
आणि करंट गेला की दचकून बघायचा,
कुणी मोठ्यानं हाक मारल्यासारखा.

अजूनही लाईट गेली की
आम्ही तिघंही मागाखाली बघतो.
मग एकमेकांकडे बघायचं टाळतो.

बाबांनी त्याला बैलहोंगलच्या बाजारातून आणलं,
सुताच्या पोत्यात, तोंड तेवढं बाहेर.
"काय रडूलालाय बघ," आई म्हणाली,
"ये म्हटलं तर कळंना, जा म्हटलं तर कळंना."
दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही.
तिसऱ्या दिवशी पलीकडची निंगव्वा दारात उभी राहून
नुसतं म्हणाली, "बारो करिया, बा इल्ली,"
आणि शेपटी हलली.
बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

कारण बाबा म्हणजे
एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत,
पाटी वाचता येत असूनही
कंडक्टरला मराठीत विचारणार, ही गाडी कुठली,
आजोबांनी खाल्लेली लाठी
स्वतःच्या पाठीवर दाखवणार.
त्याच बाबांनी त्या रात्री, आम्ही झोपलोय असं समजून,
उंबऱ्यावर बसून हळूच विचारलं,
"ऊटा आतेनो?"

अकरा वर्षं चाललं ते.
एका कुत्र्यापुरतं कानडी, रात्री साडेनऊनंतर.
मला शाळेतलं जेवढं येतं तेवढंच कळायचं.
गुडघा दुखतो, म्हणत होते एकदा.
आम्हाला कधी म्हणाले नाहीत.

आईचं आणि त्याचं भांडण केसांवरून.
पिवळ्या साडीच्या आडव्या धाग्यात
याचा एक काळा केस विणला गेला,
शहापूरच्या सावकारानं घडी मोडून बोट ठेवलं
आणि साडी परत पाठवली.
आईनं दिवसभर शिव्या घातल्या,
संध्याकाळी त्याला दूधभात.
ती साडी ट्रंकेत तळाशी होती.
परवा बघितलं, आई ती मांडीवर घेऊन
काठापासून वीतभर आत
बोटानं काहीतरी चाचपत होती.
मी पाणी प्यायला आलेय असं दाखवलं.

ढोरांच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, किडनी.
मग आठ दिवस.
शेवटी शेवटी तो चालू मागालाही झोपेना.

यळ्ळूरच्या रस्त्याला निंगव्वाचं भाताचं शेत,
तिच्या अडिवेप्पानं बांधावर खड्डा घेतला,
दोन किलो मीठ कुणी न सांगता आणलं.
सुताच्या पोत्यातून आलेला
सुताच्या पोत्यातून गेला,
फक्त या वेळी तोंडही आत.

चुलते म्हणाले, "कुत्र्यासाठी कोण माग बंद ठेवतंय रे?"
बाबांनी सावकाराला फोनवर सांगितलं, मोटर जळलीय.
तीन दिवस जळलेलीच होती ती.
चुलीवर कुणी काही ठेवत नव्हतं,
कुणी ठेवू नको म्हणतही नव्हतं.

चौथ्या संध्याकाळी करंट खरंच गेला.
अंधारात निंगव्वा आली,
फडक्यात रोट्टी, अगशीची चटणी.
उंबऱ्यावर, नेमकी त्याच्या जागेला वळसा घालून, बसली
आणि म्हणाली,
"ऊटा आतेनप्पा, परशराम?"

गल्लीत सगळे माग बंद.
आम्ही बाबांकडे बघत होतो,
दिसत काहीच नव्हतं.

"इल्ला," बाबा म्हणाले.
आमच्यासमोर. मोठ्यानं.
आणि मग बरंच काही, त्याच भाषेत,
गुडघ्यापासून सुरू करून.
मला अर्धं कळलं.
आईला एक अक्षर येत नाही,
ती पदराचं टोक तोंडात धरून ऐकत होती.

करंट आला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.
आई बटण दाबायला उठली.
दाबायच्या आधी, रोजच्यासारखी,
मागाखाली वाकून बघितलं तिनं,
शेपूट मध्ये नाही ना.